दोन तलवारी आणि पाचवे कलम

२५ सप्टेंबर १८१९ रोजी सातारच्या प्रतापसिंह महाराजांचा ईस्ट इंडिया कंपनीशी तह झाला. त्यातले पाचवे कलम असे सांगते, की महाराजांनी आपल्या मुलखाबाहेरच्या कोणत्याही सत्तेशी, सरदाराशी, जहागीरदाराशी किंवा इसमाशी कसलाही पत्रव्यवहार ठेवायचा नाही. काही काम पडलेच तर ते कंपनी पाहील. घरातल्या मुलामुलींच्या सोयरिकीसाठी बाहेर पत्र लिहावे लागले तरी ते पोलिटिकल एजंटामार्फतच जाईल. हे कलम तहाचा पाया समजावे आणि ते मोडल्यास तहाने मिळालेले सगळे लाभ महाराज गमावतील, हेही त्यातच नमूद आहे. शिवछत्रपतींच्या गादीवर बसलेल्या माणसाला व्याह्याला पत्र घालायचे तर आधी कॅप्टन ग्रँटच्या कचेरीत पाठवायचे होते.

हा कॅप्टन ग्रँट म्हणजे पुढे ग्रँट डफ म्हणून आपल्याला माहीत असलेला मराठ्यांचा इतिहासकार. इतिहासाचे त्याचे तीन खंड १८२६ साली निघाले. त्याआधी चारेक वर्षे तो साताऱ्यात कंपनीचा माणूस म्हणून बसला होता आणि राज्याचा कारभार प्रत्यक्षात तोच पाहत होता.

उगवत्या सत्तेशी लहान राज्याने कसे वागावे, हा प्रश्न आज दिल्ली, काठमांडू, ढाका, कोलंबो इथल्या परराष्ट्र खात्यांत रोज पडतो. कृष्णाकाठी तो दोनशे वर्षांपूर्वी पडला आणि त्याची दोन वेगवेगळी उत्तरे एकमेकांच्या शेजारी दिली गेली. एक साताऱ्याचे, दुसरे सांगलीचे. सातारा राज्याची दक्षिण हद्द वारणा आणि कृष्णा या नद्यांनी आखली होती, आणि वारणा कृष्णेला मिळते ती सांगलीला लागून असलेल्या हरिपूरला. म्हणजे दोन्ही दरबारांची एकाच वेळी एकाच पाहुण्याशी गाठ होती.

आधी साताऱ्याला राज्य का मिळाले ते पाहू. फेब्रुवारी १८१८ मध्ये कंपनीच्या फौजेने साताऱ्याचा किल्ला घेतला आणि कंपनीचा अधिकारी एल्फिन्स्टन याने जाहीरनामा काढला. पेशवा बाजीरावाची सत्ता संपली, छत्रपतींसाठी मात्र एक लहान स्वतंत्र राज्य राखले जाईल, असा त्याचा आशय. त्यानंतर थोड्याच दिवसांनी, २० फेब्रुवारीला, अष्टीच्या लढाईत पेशव्याचे सेनापती बापू गोखले पडले आणि बाजीरावाबरोबर फिरवले जाणारे प्रतापसिंह इंग्रजांच्या हाती लागले. एल्फिन्स्टनचा हिशेब सरळ होता. मराठे सरदार आणि शिलेदार पेशव्याला सोडून यायला हवे होते आणि त्यासाठी छत्रपतींच्या नावाइतके स्वस्त आणि गुणकारी साधन दुसरे नव्हते. उत्तरेला नीरा-भीमा, पश्चिमेला सह्याद्री, पूर्वेला पंढरपूर-विजापूरपर्यंतचा मुलूख, असे राज्य त्यांना मिळाले. ते देणगी म्हणून दिले गेले आणि देणगीला अट चिकटवली गेली. पाचवे कलम ते हेच.

सांगलीची गोष्ट वेगळ्या टोकापासून सुरू होते. पटवर्धन हे पेशव्यांचे बडे जहागीरदार, कर्नाटकच्या सरहद्दीवरचे लष्करी घराणे. मिरजेच्या चिंतामणराव अप्पासाहेबांचे चुलते गंगाधररावांशी पटले नाही. वाटणी झाली आणि १८०१ साली चिंतामणरावांनी सांगलीला गादी नेली. (या हकिकतीत तीन अप्पासाहेब येतात. दुसरे प्रतापसिंहांचे धाकटे भाऊ शहाजी, तिसरे नागपूरचे पदच्युत भोसले. वाचकाने सावध राहावे.) त्या वेळी सांगली म्हणजे कृष्णाकाठचे एक खेडेवजा गाव होते. किल्ला, पेठ, गणपतीचे देऊळ हे सगळे त्यानंतरचे.

पटवर्धनांना कंपनीची ओळख १८१८ च्या बरीच आधी झाली होती. १८०३ मध्ये आर्थर वेलस्ली बाजीरावाला पुण्याला परत बसवायला निघाला, तेव्हा वाटेत त्याचे याच दक्षिणी सरदारांशी संबंध आले. आणि १८१२ साली पंढरपूरचा करार झाला. बाजीराव पटवर्धनांच्या जहागिरी गिळायला टपला होता, आणि पटवर्धन त्याची चाकरी करायला तयार नव्हते. एल्फिन्स्टन मध्ये पडला. सरदारांनी ठरल्याप्रमाणे चाकरी करावी, पेशव्याने जुने दावे सोडावेत आणि जहागिरींना हात लावू नये, असे ठरले. आता या कराराची हमी कोणाची? कागदावर नाव पेशव्याचे, पण तो पाळला जाईल याची खात्री देणारा इंग्रज. माझ्या मते चिंतामणरावांच्या पुढच्या सगळ्या वागण्याची किल्ली इथे आहे. सत्ता पुण्यातून कुठे सरकली आहे, हे त्यांना लढाईच्या पाच वर्षे आधीच कळले होते.

१८१९ मध्ये पटवर्धनांच्या एकेका शाखेशी कंपनीने वेगळा तह केला. सगळ्यांशी मिळून एकच तह न करणे, हीच मुळात कंपनीची चाल होती. जहागिरीच्या बदल्यात ठरावीक स्वार घेऊन कंपनीच्या चाकरीला हजर राहायचे, ही मुख्य अट. चिंतामणरावांनी इथे पाय रोवला. पेशव्यांची चाकरी केली, तुमची करणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. मग फौजेच्या बदल्यात त्यांनी सालीना १ लाख ३५ हजार रुपये उत्पन्नाचा मुलूख तोडून दिला. त्यात नवी हुबळीही होती. त्या काळी हुबळी ही कापसाची आणि कापडाची भरभराटीची पेठ. हातातले सोन्याचे कडे काढून द्यावे तसे हे देणे होते. मान राहिला, हात हलका झाला.

हा व्यवहार नीट पाहण्यासारखा आहे. चिंतामणरावांनी जे मागितले त्याची किंमत त्यांनी तिथल्या तिथे चुकती केली. वायद्यावर, भरवशावर किंवा तहाच्या एखाद्या धूसर वाक्यावर काही ठेवले नाही. उद्या एजंट बदलला, गव्हर्नर बदलला, तरी फौज का पाठवली नाही असे विचारायला कोणाला जागा उरली नाही. त्यांचा उरलेला मुलूखही एकसंध नव्हता. सांगलीभोवतीची गावे, कवठेमहांकाळकडची कुची, भीमेकडचे मंगळवेढे, खाली तेरदाळ, बेळगावला लागून शहापूर, आणखी दक्षिणेला शिरहट्टी. असे ठिगळांचे राज्य चालवणाऱ्याला शेजाऱ्यांशी भांडण परवडत नाही, आणि बंड तर नाहीच. १८२४ मध्ये कित्तूरच्या देसाईंनी घेतलेले दत्तक कंपनीने नामंजूर केले, लढाई पेटली, कलेक्टर थॅकरे मारला गेला आणि संस्थान बुडाले. हे सगळे सांगलीच्या शहापूर पेठेपासून फार लांब घडले नव्हते.

करवीरकरांनी, म्हणजे कोल्हापूरच्या छत्रपतींनी, तिसरी वाट धरली होती. १८१२ मध्येच कंपनीशी तह करून मालवण देऊन टाकले आणि बदल्यात पेशव्याच्या जाचातून सुटका करून घेतली. युद्धानंतर त्यांना चिकोडी आणि मनोळी बक्षीसही मिळाले. पुढे कुरबुरी झाल्या तसे ते दोन्ही काढूनही घेतले गेले. बक्षीस देणारा बक्षीस परत घेऊ शकतो, हे शेजारचे उदाहरण साताऱ्यालाही दिसत होतेच.

साताऱ्यात मात्र पहिली पंधरा वर्षे छान गेली. एप्रिल १८२२ मध्ये राज्याचा कारभार महाराजांच्या हाती आला. रस्ते, पाण्याची सोय, शाळा, कचेऱ्या यांत त्यांनी जातीने लक्ष घातले. १८२९ मध्ये महाबळेश्वरचा डोंगर कंपनीला दिला आणि बदल्यात वाईकडचे खंडाळा घेतले. गव्हर्नर माल्कमच्या नावाने तिथे पेठ वसली. आज जिथे सहलीच्या गाड्या थांबतात तो लॉडविक पॉइंट ज्याच्या नावाचा, तो पीटर लॉडविक १८२४ मध्ये साताऱ्यातल्या पलटणीतून त्या कड्यावर चढला होता. हा लॉडविक पुढे साताऱ्याचा रेसिडेंट झाला आणि या कहाणीत पुन्हा येतो.

भांडणाचे मूळ जहागीरदारांत होते. अक्कलकोट, भोरचे पंत सचिव, औंधचे पंत प्रतिनिधी, जतचे डफळे, फलटणचे निंबाळकर आणि वाईचे शेख मिरे हे तहाप्रमाणे महाराजांचे, पण त्यांच्या जहागिरींना हमी कंपनीची. मग एखादा जहागीरदार निपुत्रिक वारला तर जहागीर कोणाकडे जाणार? दत्तकाला परवानगी कोण देणार? तहात याचे उत्तर दोन्ही बाजूंनी वाचता येईल असे होते. प्रतापसिंहांनी ते आपल्या बाजूने वाचले आणि ते वाचन त्यांनी सोडले नाही. कंपनीच्या लंडनमधल्या डायरेक्टरांचा कलही बराचसा त्यांच्याकडे होता. मुंबई सरकारचा नव्हता. या दोन ओळींत पुढचा सगळा अनर्थ आहे.

डिसेंबर १८३५ मध्ये लंडनच्या कोर्ट ऑफ डायरेक्टर्सने महाराजांच्या उत्तम कारभाराची स्तुती करणारे पत्र लिहिले आणि सोबत एक तलवार पाठवली. ती मुंबईपर्यंत आली आणि मुंबईतच राहिली. महाराजांच्या हाती ती कधीच पडली नाही. कारण मधल्या काळात त्यांच्यावर राजद्रोहाचे किटाळ आले होते.

१८३६ मध्ये २३ व्या पलटणीतल्या शिपायांना फितवल्याचा आरोप निघाला. मागोमाग आणखी दोन. गोव्याचा पोर्तुगीज गव्हर्नर दों मानुएल याच्याशी वर्षानुवर्षे गुप्त संधान, आणि जोधपूरला आश्रयाला असलेल्या नागपूरच्या अप्पासाहेब भोसल्यांशी पत्रव्यवहार. लक्षात घ्या, तिन्ही आरोप पाचव्या कलमाच्या चौकटीत नेमके बसतात. रेसिडेंट लॉडविक, कर्नल ओव्हान्स आणि मुंबई सरकारचा सेक्रेटरी विलोबी या तिघांनी बंद दाराआड चौकशी केली. साक्षी महाराजांसमोर झाल्या नाहीत, कागद त्यांना दाखवले गेले नाहीत. तुरुंगात टाकलेल्या गोविंदराव दिवाणांच्या आईच्या नावाचा एक अर्ज पुराव्यात आला. तो तिचा नव्हताच, असे महाराजांच्या बाजूने पुढे लंडनमध्ये मांडले गेले. इंग्रजांचे हस्तक बाळाजीपंत नातू यांचे नाव या प्रकरणात पडद्यामागून सतत ऐकू येते आणि प्रबोधनकार ठाकऱ्यांनी प्रतापसिंह आणि त्यांचे वकील रंगो बापूजी यांच्यावर लिहिलेल्या ग्रंथात त्याची चांगलीच झडती घेतली आहे.

आरोप खरे होते का? गोव्याचा गव्हर्नर त्या काळात स्वतःचेच आसन सांभाळण्याच्या विवंचनेत होता. त्याने इंग्रजांविरुद्ध फौज उतरवावी, ही कल्पना कोणत्याही शहाण्या माणसाला हास्यास्पद वाटावी. पण ती वर्षे पाहा. १८३७-३८ मध्ये इराणी फौजेने हेरातला वेढा घातलेला, तिच्यामागे रशिया आहे ही कंपनीची धास्ती. १८३९ च्या ऑगस्टमध्ये कंपनीची फौज काबूलमध्ये शिरली. त्या घबराटीत हिंदुस्थानातले प्रत्येक कुजबुजते पत्र मोठ्या कटाचा धागा वाटू लागले होते. वर चढणारी सत्ता जेव्हा आणखी एका मोठ्या सत्तेला भिते, तेव्हा तिच्या लहान शेजाऱ्यांचे दिवस वाईट येतात. एकाच सत्तेला दिलेल्या दोन वेगळ्या उत्तरांसाठी त्याआधीच्या दशकातला सयाम आणि ब्रह्मदेश यांचा अनुभवही ताडून पाहता येतो. १८२६ मध्ये लढाई हरलेल्या ब्रह्मदेशाने आराकान आणि तेनासरीम गमावले, तर त्याच वर्षी सयामने न लढता कंपनीशी तह करून आपली चूल वेगळी राखली.

१८३९ च्या ऑगस्टअखेर मुंबईचा गव्हर्नर सर जेम्स कार्नाक स्वतः साताऱ्याला आला. त्याची मागणी राज्याची नव्हती. एका कागदावर सही करायची, की तह मोडला होता हे मान्य आहे आणि यापुढे तो काटेकोर पाळू. सही केली की सगळे माफ, गादी कायम. जहागीरदारांवरचा दावा सोडणे ओघाने आलेच. प्रतापसिंहांनी सही केली नाही. जो गुन्हा केला नाही तो कबूल करणार नाही, उघड चौकशी करा, हे त्यांचे म्हणणे. ५ सप्टेंबरला ओव्हान्स शिपाई घेऊन वाड्यात शिरला. महाराजांना पालखीतून आधी जवळच्या लिंब गावी आणि काही महिन्यांनी काशीला नेण्यात आले. भाऊ शहाजी अप्पासाहेबांना गादी मिळाली.

इथे अनेकांना वाटते, सही करून टाकायला हवी होती. चिंतामणरावांनी केली असती का? कदाचित. पण त्यांच्यापुढे असा कागद कधी आलाच नाही, हे विसरू नये. सांगलीच्या नावाने कोणी मराठा शिपाई उठला नसता. साताऱ्याच्या नावाने उठला असता, निदान इंग्रजांना तशी भीती होती. ज्या नावासाठी १८१८ मध्ये राज्य दिले, त्याच नावाची १८३९ मध्ये अडचण झाली.

महाराजांची दुसरी लढाई लंडनमध्ये झाली, आणि ती पाहिली की सातारा दरबार बावळट होता हा समज टिकत नाही. त्यांनी ओळखले होते, की कंपनी म्हणजे एक माणूस नव्हे. रेसिडेंट, मुंबईचा गव्हर्नर, कलकत्त्याचा गव्हर्नर जनरल, लंडनचे चोवीस डायरेक्टर, त्यांच्यावर सरकारचे बोर्ड ऑफ कंट्रोल, शेअरवाल्या मालकांची सभा, आणि वर पार्लमेंट. यांच्यात एकमत क्वचितच. ही फट रुंद करायची, म्हणून वकील पाठवले गेले. मीर अफझल अली आधी गेले. मग भोरजवळच्या रोहिडखोऱ्यातले रंगो बापूजी गुप्ते यशवंतराव शिर्क्यांसह गेले आणि तेरा-चौदा वर्षे तिथे राहिले. ते इंग्रजी शिकले, पत्रके छापली, सभा गाठल्या. पार्लमेंटात जोसेफ ह्यूमने प्रश्न उचलला. गुलामगिरीविरुद्ध लढलेला जॉर्ज थॉम्सन त्यांच्या बाजूने बोलला. आणि ज्या लॉडविकची सही चौकशीच्या कागदांवर होती, तोही निवृत्त होऊन महाराजांच्या बाजूने उभा राहिला. सगळ्यांनी सहानुभूती दाखवली. निकाल फिरवायची कळ मात्र यांच्यापैकी एकाच्याही हाती नव्हती. ज्यांच्या हाती होती, त्यांना मुंबई सरकारला तोंडघशी पाडायचे नव्हते. मोठ्या सत्तेतला मतभेद खरा असतो, पण धाकट्याच्या कामी तो क्वचितच येतो.

१४ ऑक्टोबर १८४७ रोजी प्रतापसिंह काशीला वारले. ५ एप्रिल १८४८ रोजी शहाजीही गेले, मरणाआधी दत्तक घेऊन. मुंबईचा गव्हर्नर जॉर्ज क्लार्क दत्तक मान्य करावे या मताचा होता. साताऱ्याचा तेव्हाचा रेसिडेंट बार्टल फ्रियरचाही खालसा करण्याला विरोध होता. विलोबीने, त्याच १८३६ च्या चौकशीतल्या विलोबीने, राज्य खालसा करावे असे लांबलचक टिपण लिहिले. नवा गव्हर्नर जनरल डलहौसी याने ते उचलून धरले. दत्तक नामंजूर करून त्याने खालसा केलेले पहिले मोठे राज्य साताऱ्याचे. झाशी आणि नागपूरची पाळी पुढे आली. १८४८ मध्येच पटवर्धनांची तासगावची शाखाही वारस नसल्याने खालसा झाली.

आणि सांगली? १८४६ मध्ये कंपनीने चिंतामणरावांना त्यांच्या निष्ठेबद्दल तलवार भेट दिली. ती पोहोचली. त्यांच्या दरबारात तोवर आणखीही काही घडले होते. १८४३ मध्ये त्यांच्याच सांगण्यावरून विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणले आणि मराठी नाटकाची वाट सुरू झाली. जुलै १८५१ मध्ये ते वारले. उतारवयात, १८३८ साली, त्यांना धुंडिराव तात्यासाहेब हा मुलगा झाला होता. तो गादीवर बसला आणि पन्नास वर्षे राज्यावर राहिला. हा मुलगा झाला नसता, तर धोरणाच्या जोरावर सांगली १८५१ मध्ये वाचली असती असे मी छातीठोक म्हणणार नाही. तासगावकर पटवर्धनांनीही कंपनीशी काही वैर केलेले नव्हते.

म्हणून सांगली शहाणी आणि सातारा हट्टी, हा निकाल मला पटत नाही. चिंतामणरावांनी एक गोष्ट नक्कीच हुशारीने केली. ज्या कागदाचा अर्थ समोरचाच लावणार, त्यावर त्यांनी आपले काही लटकत ठेवले नाही. हुबळी गेली, पण विषय मिटला. प्रतापसिंहांनी तहाचे वाक्य खरे मानले आणि त्या वाक्याचा अर्थ लावण्यात आपलाही हक्क आहे असे धरले. कंपनीला जहागिरी खुपल्या त्यापेक्षा हा हक्क अधिक खुपला असावा. तहाचा अर्थ लावण्याचा हक्क कोणाचा, हा प्रश्न सांगलीने कधी विचारलाच नाही. पण तो कोणीतरी विचारल्याशिवाय, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात पार्लमेंटात हिंदी राजांशी केलेल्या तहांची चर्चाही झाली नसती.

रंगो बापूजी हात हलवत परतले. १८५७ मध्ये साताऱ्यात उठावाचा बेत फसला तेव्हा ते निसटले ते कायमचेच. त्यांचा मुलगा सीताराम त्यात सापडला. त्या सप्टेंबरमध्ये साताऱ्याच्या गेंडामाळावर सतरा जणांना मृत्युदंड दिला गेला, त्यात तो होता.

ज्या जहागीरदारांवरून हे सगळे सुरू झाले, त्यांचे काय झाले? सातारा खालसा होताच औंध, फलटण, भोर, जत आणि अक्कलकोट थेट इंग्रजांच्या छायेखाली गेले आणि संस्थाने म्हणून टिकले. महाराजांचे राज्य बुडाले, त्यांचे मांडलिक शंभर वर्षे राहिले. १९४८ च्या मार्चमध्ये ते सांगली-मिरजेसह मुंबई प्रांतात विलीन झाले. पुढच्या वर्षी जिल्ह्यांची नवी आखणी झाली, तेव्हा सातारा जिल्ह्याचे दक्षिणेकडचे तालुके आणि सांगलीसारखी संस्थाने मिळून जो जिल्हा केला, त्याचे नाव ठेवले दक्षिण सातारा. चिंतामणरावांची सांगली अकरा वर्षे त्या नावाखाली होती. जिल्ह्याला सांगली हे नाव १९६० मध्ये मिळाले.